वॉशिंग्टनचा शपथविधी आणि आपण

२० जानेवारी २०२५ रोजी वॉशिंग्टन येथे श्री. डोनाल्ड ट्रम्प यांनी अमेरिकेच्या अध्यक्षपदाची शपथ दुसऱ्यांदा घेतली, तेव्हा मुंबईत रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी गाठावयाची असूनही या शहरातील पुष्कळ सुशिक्षित कुटुंबे त्या रात्री जागी होती. कडाक्याच्या थंडीमुळे समारंभ उघड्यावर न होता संसदभवनाच्या घुमटाखाली झाला, आपले परराष्ट्रमंत्री श्री. जयशंकर यांना पहिल्या रांगेत जागा मिळाली, चीनने आपले उपाध्यक्ष धाडले, कोणी कोणता पोशाख केला होता, या सर्व गोष्टींची साग्रसंगीत चर्चा पुढे कित्येक दिवस चालली होती. आणि दर चार वर्षांनी विचारला जाणारा प्रश्नही त्याबरोबर आलाच. परक्या देशाने आपला अध्यक्ष निवडला, त्याने आपल्या देशाच्या घटनेची शपथ घेतली. त्यात आपल्याला काय त्याचे?

हा प्रश्न दोन प्रकारचे लोक विचारतात. पहिले स्वाभिमानी. साता समुद्रापलीकडील समारंभाकडे डोळे लावून बसणे ही त्यांना गुलामगिरीची उरलेली सवय वाटते. दुसरे व्यवहारी. त्यांच्या मते अध्यक्ष कोणीही होवो, कोठेही गेले तरी पळसाला पाने तीनच. अमेरिका आपला स्वार्थ पाहणार, तेव्हा माणूस बदलला म्हणून जगाचे काही बदलत नाही. दोन्ही आक्षेपांत तथ्य आहे. त्यांचा विचार केल्यावाचून पुढे जाणे आम्हाला प्रशस्त वाटत नाही.

स्वाभिमानाची गोष्ट आधी घेऊ. १९११ सालच्या डिसेंबरात पंचम जॉर्ज बादशहा अपोलो बंदरावर उतरले आणि त्याची खूण म्हणून त्या जागी उभारलेली कमान आजही तेथे आहे. त्याच महिन्याच्या १२ तारखेस दिल्लीस दरबार भरला आणि वंगभंग रद्द झाल्याची व राजधानी कलकत्त्याहून दिल्लीस हलविण्याची घोषणा त्या दरबारात झाली. तो समारंभ आपल्या लोकांनी पाहिला, कारण राजा परका असला तरी राज्य आपल्यावर होते. वॉशिंग्टनचा अध्यक्ष आपल्यावर राज्य करीत नाही. त्याची शपथ अवघ्या ३५ इंग्रजी शब्दांची आहे आणि त्या ३५ शब्दांत जगाचा नामनिर्देशही नाही. अमेरिकेची घटना जपण्यापलीकडे तो कोणाशी कसलेही वचन देत नाही. परराष्ट्रांच्या प्रमुखांनी या समारंभास जाऊ नये, आपापल्या राजदूताने हजेरी लावावी, असाच तेथील जुना संकेत होता. म्हणजे हा घरगुती सोहळा आहे असे खुद्द अमेरिकेनेही पुष्कळ काळ मानले. या दृष्टीने पाहता स्वाभिमानी मंडळींचे म्हणणे खोडून काढण्याजोगे नाही. परंतु दुसऱ्याच्या घरात चाललेल्या गोष्टीचा परिणाम आपल्या घरावर होत असेल, तर तिकडे लक्ष ठेवणे याला लाचारी म्हणता येत नाही. नदीच्या वरच्या अंगास कोण धरण बांधतो, हे खालच्या गावास कळलेच पाहिजे.

लक्ष ठेवावयाचे ते मात्र कशावर? येथे आपल्या सुशिक्षित वर्गाची गल्लत होते, आणि ती आजची नाही. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस अध्यक्ष विल्सन यांनी राष्ट्रांच्या स्वयंनिर्णयाची भाषा काढली, ती युरोपातील लोकांना उद्देशून होती. परंतु कैरोपासून सेऊलपर्यंत प्रत्येक परतंत्र देशाने ती आपल्यासाठीच आहे असे मानले. १९१८ च्या दिल्ली काँग्रेसने लो. टिळकांना शांतता परिषदेसाठी प्रतिनिधी निवडले. टिळक त्या वेळी चिरोल खटल्याच्या कामी लंडनमध्ये होते, परंतु त्यांना पॅरिसला जाऊ दिले गेले नाही. तेव्हा त्यांनी परिषदेचे अध्यक्ष क्लेमान्सो यांना हिंदुस्थानची बाजू मांडणारे विस्तृत पत्र लिहिले. टिळकांसारखा व्यवहारी पुरुष विल्सनच्या शब्दांनी भाळून गेला असेल असे आम्हाला वाटत नाही. तो शब्द कोणासाठीही उच्चारलेला असो, एकदा उच्चारला गेला आहे तर आपल्या कामी लावावा, एवढाच त्यांचा हिशेब असावा. १९१९ साली हिंदुस्थानला मिळाला तो रौलट कायदा.

चार दशकांनी केनेडी आले. २० जानेवारी १९६१ चे त्यांचे भाषण आपल्याकडील महाविद्यालयांतून पाठ करणारे विद्यार्थी होते. नवस्वतंत्र राष्ट्रांचे त्यांनी त्या भाषणात स्वागत केले होते; एका जुलमाच्या जागी दुसरा जुलूम येऊ देणार नाही अशी ग्वाही दिली होती. त्यानंतर पुरते अकरा महिनेही उलटले नव्हते, तोच डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सेना गोव्यात शिरली आणि साडेचारशे वर्षांची पोर्तुगीज सत्ता दोन दिवसांत संपली. त्या वेळी सुरक्षा समितीत केनेडी यांचे प्रतिनिधी श्री. स्टीव्हन्सन यांनी कोणाची बाजू घेतली? गोमंतकीयांची नव्हे. भारताने सैन्य मागे घ्यावे असे म्हणणाऱ्या ठरावाला अमेरिकेने मत दिले आणि सोव्हिएत रशियाने नकाराधिकार वापरला म्हणून तो ठराव बारगळला. पोर्तुगाल हे अटलांटिक कराराचे सभासद, अझोर्स बेटांवरील विमानतळ अमेरिकेला हवा. भाषणातील स्वातंत्र्यप्रेमापेक्षा त्या तळाचे वजन अधिक भरले. आणि गंमत पाहा, हेच केनेडी पुढील वर्षीच्या नोव्हेंबरात, चिनी सैन्य आसामच्या वेशीवर आले असता, पं. नेहरूंच्या हाकेला धावून आले व शस्त्रे धाडती झाली. १९६१ च्या भाषणात यांपैकी एकाही गोष्टीचा अंदाज देणारा शब्द नव्हता. ज्यांनी ते पाठ केले होते त्यांना डिसेंबरात धक्का बसला. ज्यांनी अझोर्सचा नकाशा पाहिला होता त्यांना बसला नसावा.

मग व्यवहारी लोकांचेच म्हणणे खरे का? स्वार्थ तोच, तर माणसाने काय फरक पडतो? आम्ही हे मान्य करण्यास तयार नाही. १९६८ ची निवडणूक श्री. निक्सन यांनी जिंकली ती श्री. हम्फ्री यांच्यापेक्षा सुमारे पाच लाख मते अधिक मिळवून. एकूण मतदानाच्या हिशेबात हे अंतर एक टक्काही नव्हते. ओहायो किंवा इलिनॉयमधील जे मतदार त्या दिवशी मतपेटीपर्यंत गेले त्यांच्या मनात ढाक्याचा विचार असण्याचे कारणच नव्हते. तीन वर्षांनी पूर्व पाकिस्तानात कत्तल चालू असताना ढाक्यातील अमेरिकन वकिलातीचे प्रमुख आर्चर ब्लड यांनी आपल्याच सरकारच्या मौनाचा निषेध करणारी तार पाठविली. वॉशिंग्टनने तिची दखल घेतली ती ब्लड यांना तेथून हलवून. याह्याखान यांच्यामार्फत चीनशी संधान बांधावयाचे होते, हा झाला स्वार्थाचा भाग. परंतु निक्सन यांना भारताविषयी व श्रीमती इंदिरा गांधींविषयी जो व्यक्तिगत तिटकारा होता, तो पुढे उजेडात आलेल्या त्यांच्याच ध्वनिफितींतून ऐकू येतो, आणि तो कोणत्याही राष्ट्रीय स्वार्थाच्या व्याख्येत बसत नाही. डिसेंबर १९७१ मध्ये ‘एंटरप्राइज’ ही विमानवाहू नौका बंगालच्या उपसागराकडे निघाली तेव्हा तिच्यामागे देशाचे धोरण किती आणि एका माणसाचा राग किती, हे वेगळे काढून दाखविणे कठीण आहे. हम्फ्री असते तर काय केले असते हे कोणी सांगू शकणार नाही. तथापि माणूस कोण यावाचून काही अडत नाही, असे निदान १९७१ पाहिलेल्या पिढीने तरी म्हणू नये.

त्याच पिढीला आणखी एक आठवण असेल. १९६५ व १९६६ अशी लागोपाठ दोन वर्षे पावसाने दगा दिला. १९५४ साली अमेरिकेने केलेल्या पी.एल. ४८० या कायद्याखाली आपल्याकडे धान्य येत होते. अध्यक्ष जॉन्सन यांनी त्या धान्याचा लगाम आपल्या हाती आखूड धरला. वर्षाचा करार न करता महिन्या-महिन्याची परवानगी द्यावयाची, कोणते जहाज केव्हा सोडावयाचे यात स्वतः लक्ष घालावयाचे, असा त्यांचा खाक्या होता. शेतीधोरण बदला ही त्यांची एक अट होती. व्हिएतनामविषयी भारताने केलेली टीका त्यांना झोंबली होती, हे दुसरे कारण. १९६६ साली आपण सुमारे एक कोटी टन धान्य बाहेरून आणले. रेशनच्या दुकानापुढील रांगा, तो अमेरिकन गहू, तो लाल मिलो आणि घशाखाली न उतरणारी त्याची भाकरी हे सारे ज्यांनी अनुभवले, त्यांना टेक्ससच्या एका माणसाच्या स्वभावाशी आपल्या ताटाचा काय संबंध, हे समजावून सांगावे लागत नाही. त्या अपमानातून हरितक्रांतीची निकड सरकारला पटली हेही खरे आहे. श्री. सी. सुब्रमण्यम यांनी रोममध्ये केलेला करार व मेक्सिकन गव्हाचे बियाणे यांची कथा वेगळी लिहावी लागेल.

येथे एक गोष्ट ओघात सांगितली पाहिजे. हे जॉन्सन प्रथम अध्यक्ष झाले ते डल्लासच्या विमानतळावर उभ्या असलेल्या विमानात, केनेडी यांच्या खुनानंतर काही तासांच्या आत शपथ घेऊन. श्री. ट्रुमन यांनी शपथ घेतली ती १२ एप्रिल १९४५ च्या संध्याकाळी, रूझवेल्ट वारले त्याच दिवशी. अणुबाँबची खरी हकीकत त्यांना त्यानंतर कळली आणि चार महिने व्हावयाच्या आत हिरोशिमा जळाले. ना बँड, ना मिरवणूक, ना कवितावाचन. जगाच्या दृष्टीने त्या शतकातील सर्वांत भारी ठरलेल्या शपथांपैकी एक इतक्या साधेपणाने घेतली गेली. समारंभाचा थाट आणि परिणामांची व्याप्ती यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नसतो.

परिणाम दिसतात ते समारंभ आटोपून नवा अध्यक्ष मेजाशी बसला म्हणजे. याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्याकडे फारसे कोणी जाणत नाही. १९८४ साली मेक्सिको शहरातील लोकसंख्या परिषदेत रेगन यांच्या सरकारने एक नियम जाहीर केला. अमेरिकेकडून कुटुंबनियोजनासाठी पैसा घेणाऱ्या परदेशी संस्थेने गर्भपात करू नये, त्याचा सल्लाही देऊ नये, आणि तोही अमेरिकेच्या नव्हे तर स्वतःच्या अन्य पैशातूनसुद्धा, असे त्याचे स्वरूप. क्लिंटन यांनी जानेवारी १९९३ मध्ये तो उठविला. धाकट्या बुश यांनी जानेवारी २००१ मध्ये पुन्हा लावला. ओबामा यांनी जानेवारी २००९ मध्ये उठविला, ट्रम्प यांनी जानेवारी २०१७ मध्ये लावला, बायडेन यांनी जानेवारी २०२१ मध्ये उठविला आणि ट्रम्प यांनी जानेवारी २०२५ मध्ये आणखी एकदा लावला. सहाही वेळा शपथेनंतर फार तर आठ दिवसांत. अमेरिकेतील दोन पक्षांचा हा धर्मविषयक व नीतिविषयक झगडा आहे. तो त्यांच्या मतदारांसाठी लढला जातो. परंतु त्या नियमाची कक्षा अमेरिकेबाहेरच आहे. तो लागू होतो केनिया, युगांडा, नेपाळ येथील संस्थांना. तेथील एखाद्या खेड्यातील बाईला दवाखान्यात कोणता सल्ला मिळेल, किंवा तो दवाखाना उघडा तरी असेल काय, हे मिशिगनचा मतदार ठरवितो. आणि या बाईचे अस्तित्व त्याच्या गावीही नसते. शपथविधीचा परदेशस्थांशी संबंध काय, असे विचारणाऱ्यांनी त्या बाईच्या जागी स्वतःला ठेवून पाहावे.

इतके दूर जाण्याचीही गरज नाही. २० जानेवारी २०२५ रोजीच ट्रम्प यांनी परदेशी विकासमदत ९० दिवस थांबविण्याचा आदेश काढला. त्या मदतीवर चालणारे, तृतीयपंथीयांवर उपचार करणारे दवाखाने हैदराबाद, कल्याण आणि पुणे येथे होते. त्यांची दारे काही दिवसांतच लागली. कल्याणच्या रुग्णाने वॉशिंग्टनमधील समारंभ पाहिला असेल किंवा नसेल. त्याच दिवशी जन्मसिद्ध नागरिकत्वासंबंधीचा आदेश निघाला. तात्पुरत्या परवान्यावर राहणाऱ्या आईबापांचे मूल १९ फेब्रुवारीनंतर अमेरिकेत जन्मले तर ते आपोआप नागरिक ठरणार नाही, असा त्याचा आशय होता. न्यू जर्सीत राहणारी सून आणि येथे बसून पंचांगावर बोट ठेवून दिवस मोजणारी सासू, ही चित्रे कल्पनेतील नव्हेत. सिॲटलच्या न्यायाधीशाने तीन दिवसांत त्या आदेशाला स्थगिती दिली व पुढे प्रकरण वरच्या न्यायालयांत गेले. अध्यक्ष म्हणजे बादशहा नव्हे, त्याच्या हाताला धरणारी न्यायालये व संसद तेथे आहेत, ही गोष्ट आपल्या चर्चेत नेहमी राहून जाते.

त्यानंतरची हकीकत वाचकांना ठाऊक आहे. रशियाकडून तेल घेतो म्हणून भारताच्या मालावरील अमेरिकन जकात २७ ऑगस्ट २०२५ पासून ५० टक्क्यांवर गेली. तो दिवस गणेशचतुर्थीचा होता. अंधेरीच्या सीप्झमध्ये हिरे जडविणारे, दागिने घडविणारे कारागीर ज्या मालावर पोट भरतात त्याचे मोठे गिऱ्हाईक अमेरिका. गणपतीची आरती करताना त्यांच्या मनात काय चालले असेल याचा अंदाज कोणीही करावा. पुढे वाटाघाटी व खटले यांतून त्या दराचे जे व्हायचे ते झाले, परंतु मधल्या काळात रद्द झालेली मागणी कारागिराच्या हातात परत येत नसते. महिना लोटतो न लोटतो तोच १९ सप्टेंबरची ती घोषणा आली. एच-१ बी परवान्याच्या नव्या अर्जास एक लाख डॉलर! या परवान्यांतील सुमारे सात दशांश भारतीयांच्या वाट्याला येत असल्यामुळे नवरात्राच्या तोंडावर कोथरूड, डोंबिवली, ठाणे येथील किती घरांत त्या दोन दिवसांत अन्न गोड लागले नसेल! रजेवर आलेली मुले विमानतळाकडे धावली, आणि शुल्क जुन्या परवानाधारकांस नाही हा खुलासा मागाहून झाला.

या घरांविषयी आम्हाला सहानुभूती आहे, परंतु एक कटु गोष्टही सांगितली पाहिजे. ज्या रात्री समारंभ पाहिला त्या रात्री या घरांनी पोशाख पाहिले, भाषण ऐकले. जकात बसविण्याचा अधिकार अमेरिकेच्या घटनेने संसदेला दिला असता तो अध्यक्षाच्या हाती कोणत्या जुन्या कायद्यांच्या वाटेने गेला, व्यापारमंत्री कोण होणार, परवान्यांविषयी त्याचे पूर्वीचे बोलणे काय, या गोष्टी कोणी पाहिल्या? वृत्तपत्रांनीही त्या कितीशा सांगितल्या? आमच्या व्यवसायाकडे यातील दोषाचा मोठा वाटा येतो आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. १९६५ च्या जानेवारीत जॉन्सन यांच्या समारंभाची वर्णने छापून आली असतील. परंतु त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला त्यांनी ज्या कायद्यावर सही केली त्याने आशियाई लोकांना अमेरिकेचे दार उघडले. त्याआधी १९४६ च्या कायद्याने भारतीयांचा वर्षाचा कोटा होता अवघा १०० माणसांचा. आज शिकागो, डल्लास, सॅन होजे येथे गणेशोत्सव मांडणारी मराठी मंडळे ही त्या सहीची प्रजा आहे.

आणि हा सगळा विचार करताना आपण स्वतःकडे कधी पाहणार? आपण नेहमी नदीच्या खालच्या अंगास असतो असे धरून चालतो. काठमांडू, ढाका, माले येथील लोक तसे मानीत नाहीत. २६ मे २०१४ रोजी दिल्लीत श्री. मोदी यांनी शपथ घेतली तेव्हा बहुतेक सार्क राष्ट्रांचे प्रमुख हजर होते, पाकिस्तानचे श्री. नवाझ शरीफही आले. आपण वॉशिंग्टनकडे ज्या नजरेने पाहतो, नेमक्या त्याच नजरेने ही राष्ट्रे दिल्लीकडे पाहतात. २०१५ च्या सप्टेंबरपासून सीमेवरील नाकी बंद पडली आणि नेपाळमध्ये महिनोन्‌महिने गॅस व पेट्रोल मिळेनासे झाले, तेव्हा तेथील गृहिणीने चुलीपुढे बसून दिल्लीविषयी जे उद्गार काढले असतील ते आपण जॉन्सनविषयी काढलेल्या उद्गारांहून सौम्य नसावेत. उलट, लहान देशाचा शपथविधी मोठ्याला किती लागू पडतो हेही आपण पाहिले. जेमतेम पाच लाख वस्तीच्या मालदीवमध्ये १७ नोव्हेंबर २०२३ रोजी श्री. मुइझ्झू अध्यक्ष झाले आणि पुढील १० मेपर्यंत भारताला आपले तेथील सैनिक परत आणावे लागले. त्या शपथविधीसाठी मुंबईत कोणी जागले होते असे आमच्या ऐकिवात नाही.

कांद्याचे उदाहरण तर महाराष्ट्राच्या मातीतलेच आहे. २९ सप्टेंबर २०१९ रोजी दिल्लीने कांद्याची निर्यात एकाएकी बंद केली. लासलगाव-पिंपळगावच्या शेतकऱ्याचे त्यात काय झाले यावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले, आणि ते योग्यच होते. परंतु हा कांदा ज्यांच्या स्वयंपाकघरात जातो त्या बांगलादेशातही त्याच आठवड्यात भाव भडकले. त्या वेळच्या पंतप्रधान श्रीमती शेख हसीना पुढील आठवड्यात दिल्लीस आल्या असता, आपण स्वयंपाक्याला कांदा बंद करावयास सांगितले आहे, असे त्या हसत हसत म्हणाल्या. हसण्यामागे तक्रार होती. निर्यात बंद करू नका असे त्यांचे म्हणणे नव्हते. निदान आधी कळवीत जा, म्हणजे आम्ही दुसरीकडून सोय करू, इतकेच त्या मागत होत्या. ८ डिसेंबर २०२३ पासून पुन्हा तशीच बंदी आली, पुन्हा तशीच एकाएकी, आणि ढाक्याच्या बाजारात पुन्हा तेच झाले. एच-१ बीची घोषणा शुक्रवारी करून ती रविवारपासून अंमलात आणणाऱ्या वॉशिंग्टनवर आपण जो ठपका ठेवतो, त्यातला शब्दही न बदलता तो ढाक्याला आपल्यावर ठेवता आला असता. नवी दिल्लीने शेजाऱ्यांना निर्यातबंदीची पूर्वसूचना, फार नव्हे, पंधरा दिवसांची जरी देण्याचा रिवाज पाडला, तरी लासलगावच्या शेतकऱ्यालाही आपला माल वेळेत हलविता येईल.